सिल्लोड रेल्वेची मुदत

५ जानेवारी १९६१
वाटाणे सोलताना यमूताईची आठवण आली. तीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी बहिणी माहेरी आलो होतो, ओसरीवर अशाच शेंगा सोलत होतो. ताईचे दाणे टोपलीत कमी, तोंडात जास्त. आप्पासाहेब, आमचे वडील, निजामाच्या रेल्वे खात्यात कारकून. कचेरीतून आले ते हसतच. औरंगाबाद–सिल्लोड रेल्वेचा कायदा सरकारी जरीद्यात, म्हणजे गॅझेटात, छापून आला होता. म्हणाले, भानू, आता सकाळी बहिणीकडे जायचं, दिवेलागणीला परत. ताईने एक दाणा माझ्या नाकावर मारला.
रूळ अजून पडायचे आहेत.

९ जानेवारी
सिल्लोडहून ताईच्या शेजारच्या वच्छलाबाई आल्या. ताईच्या पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाल्या, लई वाळल्या हो ताई, रोज इचारत्यात, भानू आली का. मी म्हटले, मला मोटार लागते, चौक्याच्या घाटापर्यंतच उलट्यांनी जीव जातो. रेल्वे असती तर आजच निघाले असते. वच्छलाबाई म्हणाल्या, व्हय, मग टाका रूळ, आमी थांबतो.
निश्चय: कायदा आहे, तर तो अमलात आणून घ्यायचा.

१४ जानेवारी
आप्पांकडची कायद्याची जुनी प्रत सापडली. काम निजामाच्या फसली सन १३६० अखेर पुरे करावे, असे कलम आहे. हे वकील. म्हणाले, ती मुदत संपून दहा वर्षे झाली. मी म्हटले, पोलीस अ‍ॅक्शननंतर फसली सनच बंद झाला. १३६० साल उजाडलेच नाही, मग मुदत संपेल कशी? हे म्हणाले, सन बंद झाला म्हणून दिवस थांबले का गं? कॉन्व्हेंटात हेच शिकवलं का?
निरुत्तर झाले की हे कॉन्व्हेंट काढतात.

२० जानेवारी
कलेक्टरांना अर्ज पाठवला. चार पाने, इंग्रजीत. माझ्या हस्ताक्षराला शाळेत बक्षीस होते. ताईलाही पत्र टाकले: येतेच आहे, गाडीने.

२ फेब्रुवारी
ताईचे कार्ड. अक्षर दुसऱ्याचे. "भानू, रेल्वे राहू दे. तोंडात आवळकाठी धर, खिडकीशी बस आणि ये."
तिला कायद्यातले कळत नाही. आजारी माणसावर रागावू नये.

११ फेब्रुवारी
मोटार स्टँडवर गेले. तिकीट काढले, आत बसले. खिडकीही मिळाली. ताईचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला. आला तो भरलेल्या गालांचा. तोच बरा आहे. उतरले. कंडक्टर ओरडला, ओ आजी, मोटार सुटली ना! आजी! असल्या माणसाच्या मोटारीत कोण बसणार?
अर्जाचे उत्तर येऊ दे. मग एकदम ऐटीत जाईन.

१ मार्च
उत्तर आले! सदर कायदा निरुपयोगी कायद्यांच्या यादीत असून लवकरच रद्द होईल. म्हणजे आजपर्यंत तो जिवंत होता. माझेच बरोबर. ह्यांना कागद दाखवला. म्हणाले, जिंकलीस. आता पिशवी भर, मी सोबत येतो. मी म्हटले, कागद टाईप करून घेते, ताईला दाखवायला. सोमवारी नक्की.

६ मार्च, सोमवार
सकाळी सात: पिशवी भरली. आवळकाठी घेतली.
सव्वाआठ: तार आली.

७ मार्च, सिल्लोड
मोटारीने अडीच तास लागले. घाटात काही झाले नाही.
ताईने शेवटच्या आठवड्यात सांगून लिहवून घेतलेला कागद वच्छलाबाईंनी माझ्या हाती दिला. म्हणाल्या, तुमीच वाचा, बाई. सगळ्यांसमोर वाचला. इथे उतरवून ठेवते.
तांब्याचं घंगाळ वच्छलाबाईला. तिनं माझं सगळं केलं.
लुगडी आळीतल्या दगडाबाईच्या सुनांना, भांडणं न करता.
घरचे देव पुंजाराम गुरवाकडे. नैवेद्य चुकवू नको म्हणावं.
नवी गादी भानूला. ती येणार म्हणून पौषात भरून घेतली. अजून तीवर कोणी निजलेलं नाही.