डबा क्रमांक सतरा

नाहूर, मंगळवार

तीर्थस्वरूप रतनआत्यास देवेशचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्तास कागदावरच).

काकांचे गुडघे, तुझी शुगर आणि अपूर्वाचा संसार ही तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. नाहूरहून मुलुंड एक स्टेशन, आणि भाचा चक्क पत्र लिहितो याचं तुला नवल वाटेल. पण फोन केला की मागून आईच्या भांड्यांचा आवाज येतो आणि तू "बरं, ठेवते" म्हणतेस. अपूर्वाच्या साखरपुड्यात तू व्याह्यांसमोर आईच्या सोलकढीला पाणचट म्हणालीस, त्याला आणि तुमच्या अबोल्याला चार वर्षं झाली. ती खरंच पाणचट होती की नाही या वादात मी पडत नाही. मी दोन वाट्या प्यायलो होतो, पण साक्षीला बोलावतील या भीतीने चव विसरून गेलोय. हे पत्र शेजारची चेतना आणून देईल. ती रोज मुलुंडलाच नोकरीला जाते आणि कुणाच्या सोलकढीबद्दल तिचं काही मत नाही.

माझं म्हणशील तर थकलोय गं. मी सरकारी पैशांवर चालणाऱ्या एका संशोधनात कामाला आहे हे तुला माहीत आहे. त्याचं नाव 'जबाबदार नवोन्मेष व बदलाशी जुळवून घेण्याची क्षमता' असं आहे. (आई लोकांना "हवामानखात्यात आसा" असं सांगते, आणि पाऊस चुकला की बिल्डिंगमधले माझ्याकडे बघतात.) उकाडा वाढतोय, तेव्हा लोक घरात कसे राहतात, काय बदलतात, हे बघायचं. त्यासाठी वेसाव्याच्या (म्हणजे वर्सोव्याच्या) कोळीवाड्यात चाळीस घरांत उष्णता आणि दमटपणा मोजून आकडे ऑफिसात पाठवणारं एकेक यंत्र ठेवायचं. नवीन वस्तू लोकांवर लादायची नाही, त्यांना ती परकी वाटता कामा नये, हा आमच्या संशोधनाचा प्राण. म्हणून आमच्या प्रमुख दिशा मॅडम यांनी फार विचार करून ते बटणाएवढं यंत्र एका स्टीलच्या डब्यात झाकणाच्या आतून चिकटवलं आणि झाकणाला भोकं पाडली. घरात डबा कुणाला परका वाटेल? नाहीच वाटला. इथेच आमची वाट लागली.

महिन्यातून एकदा बॅटरी तपासायला डबे अंधेरीच्या ऑफिसात आणावे लागतात. पहिल्या महिन्यात मी डबे गोळा करायला गेलो तर प्रत्येक डबा जड. उघडून बघतो तर एकात जवळा, एकात सुके बोंबील, एकात नारळाच्या वड्या. मी कल्पिताला (ही वर्सोव्याच्या बाजारात मासे विकते, आणि जीभ तिच्या कोयत्याइतकीच चालते) म्हटलं, अगं, डबा रिकामा द्यायचा. ती म्हणाली, "रिकामा डबा कोण परत देतं रे? आमच्या घरी सुतक पडलंय का?" आता आत्या, तूच सांग, तिचं काय चुकलं? मीही आपल्याच घरात वाढलोय. शेजाऱ्यांची वाटी परत करताना तळाला चिमूटभर साखर तरी असायची, नाहीतर आई दारातून मागे बोलवायची. पण आमच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्याकडून काहीही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही, कारण त्याने निष्कर्षांना मिंधेपणा येतो. मॅडमनी सगळं जिथल्या तिथे परत करायला सांगितलं. मी एकटा, चाळीस डबे, आणि जूनचा दमट उकाडा.

परत दिल्यावर गल्लीत जो काही भडका उडाला! गल्लीतले वडीलधारे हरेश्वरकाका दारात उभे राहून मला विचारत होते की जवळ्यात वाळू होती का, बोंबील जुने होते का, की सरकारला कोळ्यांच्या हातचं चालत नाही. मी हात जोडून मिंधेपणाचा मुद्दा समजावला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, आणि पुढच्या खेपेला अपमान भरून निघावा म्हणून सगळ्यांनी दुप्पट घातलं. कल्पिताने तर गरम कोलंबीचं कालवण घातलं, कारण सुकी वस्तू परत येते पण कालवण परत कसं करणार? यंत्र बिचारं झाकणाखाली सगळं मोजत होतं. ऑफिसच्या पडद्यावर डबा क्रमांक सतरा, म्हणजे कल्पिताचं घर, सत्तर अंशांवर गेलेलं दिसलं. घरात कुणीतरी उकाड्याने आडवं झालं असेल असं दिशा मॅडमना वाटलं. त्यांनी मला रिक्षाने पिटाळलं, बरोबर ओआरएसची पाकिटं दिली. मी धापा टाकत पोचलो तर कल्पिता पंख्याखाली पाय पसरून पैसे मोजत बसलेली. ती म्हणाली, "जेवायला आलास का? मग डबा कशाला नेलास?"

असं दोन-तीन महिने चाललं, मग मॅडमनी गल्लीत सूचना लावली, डबे कृपया रिकामे द्यावेत. लोक आज्ञाधारक आहेत. गेल्या खेपेला एक सोडून (त्याचं पुढे सांगतो) सगळे डबे रिकामे आले, फक्त तळाला चिमूटभर साखर. वर्सोव्याच्या दमट हवेत साखरेचा पाक झाला, डबे कलंडताच पाक यंत्रापर्यंत पोचला आणि मुंग्या सरकारी उपकरणात शिरल्या. मी गेले पंधरा दिवस दात घासायच्या ब्रशने मुंग्या काढतोय. माझी कंबर त्यातच धरली. एवढं शिकून मला हेच करायचं होतं का, असं विचारायलाही कुणी येत नाही.

यात मधल्या मधे आपलं घर कसं आलं ते सांगतो. कालवणाचा डबा मी घरी आणला होता, फेकायला जीव होईना म्हणून. आईने ते खाल्लं, "हात बरो आसा बायचो," असं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून त्यात खोबऱ्याची चटणी भरून माझ्या पिशवीत ठेवला. यंत्रासकट घासला! (पाण्यात बुडालं तरी बिघडत नाही असं बनवणारे म्हणाले होते. या एका बाबतीत ते खरं बोलले.) तेव्हापासून त्या दोघींचं चालूच होतं. एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, पण डबा जायचा यायचा, इतका की बाकीच्यांबरोबर तो गोळा करणंच मी सोडलं. आई गेली कित्येक वर्षं कुणासाठी एवढ्या उत्साहाने काही करताना मी पाहिली नव्हती.

आता खरी अडचण. येत्या सोमवारी दिल्लीहून समिती येणार. तिला काम पटलं तर संशोधन पुढची दोन वर्षं चालेल आणि त्याबरोबर माझी नोकरी. नाही पटलं तर बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा अर्ज टाकत फिरायचं. मुंग्या आणि कालवणामुळे आमचे बहुतेक आकडे वाया गेलेत. एकच आशा, तीही डबा क्रमांक सतरा. गणपतीपासून या डब्याचा आकडा दिवसरात्र अगदी स्थिर आहे, ना उकाडा, ना दमटपणा. दिशा मॅडमनी अहवालात लिहून टाकलंय की सत्तर अंशांवरून इथवर आलेलं हे कुटुंब बदलाशी जुळवून घेण्याचा उत्तम नमुना होय. समिती सोमवारी ते घर आणि तो डबा प्रत्यक्ष बघणार. मी काल तयारीसाठी कल्पिताकडे गेलो. घर नेहमीसारखं तापलेलं, आणि डबा नाही. ती म्हणाली, "गणपतीच्या आधी तुझ्या आईकडे दिला तो आलाच नाही. विसरली असेल, म्हातारं माणूस, मी कशाला मागू?"

असो. काकांना नमस्कार, अपूर्वाला आशीर्वाद. औषधं वेळेवर घे.

तुझा,
देवेश

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण लिहायचं राहिलंच. तो डबा तुझ्याकडे आहे. गणपतीत चेतनाच्या हातून काकडीचं गोड धोंडस आलं असेल, आईने केलेलं, तुला आवडतं म्हणून. मला काल रात्री चेतनाकडून कळलं. ते उत्तम नमुना असलेलं थंड, कोरडं कुटुंब म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरातलं कपाट. तेव्हा कृपा करून डबा चेतनाकडे दे, सोमवारच्या आत, आणि रिकामा. आयुष्यात एकदा रिकामा दे. माझी नोकरी त्यावर आहे.

दुसरी ता. क. : हे लिहायला नको, कारण तुझी संमती न घेता मी तुझ्याकडचे आकडे बघितले, आणि असं करायचं नाही यासाठीच मला पगार मिळतो. पण त्या यंत्राला झाकण उघडल्याचा उजेडही कळतो. आत्या, तू तो डबा रोज संध्याकाळी उघडतेस आणि काही न घालता बंद करतेस. दोन महिने, एकही दिवस चुकला नाही. आत्ताच आईला सहज सांगितलं की डबा मागवतोय, रिकामा. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रिकामो इलो तर माका दाखवू नको."

तेव्हा वरची ता. क. खोडली असं समज. तुला जे सुचेल ते घाल, आणि चेतनाकडे देऊ नकोस, स्वतः घेऊन ये. सोमवारची घाई नाही.