शेजारच्या सीटवरून घेतलेली गाडी

प्रिय भावोजी,

वहिनीचा नमस्कार घ्या आणि गुडघा कसा आहे ते कळवा. जाऊबाई सांगत होत्या की जिना चढताना गुडघा कुरकुरतो आणि उतरताना तुम्ही. त्यांची तब्येत वेगळी विचारत नाही. इतक्या तपशिलाने तुमची गाऱ्हाणी सांगतात म्हणजे ठणठणीत असणार. तुमची गाडीही मजेत असेल. (अजून कव्हराखालीच असते ना? मागे फोटो पाठवलात तेव्हा मला वाटलं, नवा सोफा घेतलात.) मी बरी आहे. भूक लागते, झोप येते, शिवणयंत्राला तेल घातलं आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे याचं कारण एवढंच की फोनवर गाडीचा विषय निघाला की बोलता तुम्ही आणि ऐकते मी, आणि या वेळी मला ते उलट करायचं आहे. बाकी तुमच्याकडे काही काम नाही.

आमच्याकडची बस बंद झाली हे तुम्हाला ठाऊक आहेच. पडदे मी घरी बसून शिवते, पण माप घ्यायला खिडकीपाशीच जावं लागतं, आणि खिडक्या काही चालत माझ्याकडे येत नाहीत. मग कापडाचा तागा खांद्यावर, पडद्याचा रॉड हातात, अशी मी टॅक्सीने फिरू लागले. एकदा रॉड खिडकीतून बाहेर काढून बसले होते, तर मागून येणारा सायकलवाला सबंध रस्ताभर नमस्काराला वाकल्यासारखा येत होता. टॅक्सीचं भाडं देऊन हातात उरायचं काय, तर दोऱ्याचे पैसे. हे लेकीच्या कानावर गेलं आणि तिचा निकाल तयारच होता. ‘आई, पुरे झालं. घर भाड्याने दे आणि माझ्याकडे ये. तुला इथे काय कमी आहे?’ खरंच काही कमी नाही. खोली स्वच्छ आहे, जावई सज्जन आहे. पण त्या खोलीला खिडकी एकच, आणि तिला पडदा आधीच लावलेला. मी तिला म्हटलं, महिनाअखेरपर्यंत मला माझं जाण्यायेण्याचं बघू दे. नाही जमलं तर मुकाट्याने पेटी भरते. तेव्हा स्वस्तातली, जुनी आणि रस्त्यात दगा न देणारी गाडी मला तेवढ्यात शोधायची होती. नाहीतर दाराजवळची ह्यांच्या चपलांची जागा, जी मी अजून कोणाला दिलेली नाही, तिथे कोणी भाडेकरू आपले बूट काढणार होता.

तुमचे सल्ले मी सगळे पाळले. ‘वहिनी, बाई एकटी दिसली की हे लोक टोपी घालतात, बरोबर पुरुषमाणूस न्या,’ असं तुम्ही म्हणालात. नेला. समोर राहतात त्यांना सारी गल्ली ‘हवामान’ म्हणते, कारण काहीही विचारलं तरी उत्तर देण्याआधी ते आकाशाकडे बघतात. गाडीतलं त्यांना इतकंच कळतं की ती रस्त्यावर असते. पण मिशा भारदस्त आहेत, आणि विकणारा माणूस त्या मिशांशीच बोलतो. इंजिनाबद्दल विचारायचं मी आणि उत्तर मिळायचं मिशांना. शेवटी मी ठरवून दिलं की समोरच्याने किंमत सांगितली की तुम्ही फक्त एकदा खाकरायचं. पहिल्याच घरी ते इतक्या मनापासून खाकरले की मालकीणबाईंनी धावत पाणी आणलं, पाठीवर हात फिरवला आणि आमची रवानगी केली. किंमत होती तिथेच राहिली.

अभ्यासही केला. माझी शाळा लवकर सुटली तरी वाचनालय सुटलं नाही, हे तुम्ही जाणता. (हे बेकरीची व्हॅन चालवायचे तेव्हा माझी पुस्तकं तेच बदलून आणायचे. वाचनालयाच्या बाई म्हणायच्या, तुमच्या घरी पुस्तकं वाचतात की भाजतात, पानापानांत पीठ असतं.) तर गाडीच्या दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक आणून मी अथपासून वाचलं. इतिपर्यंत वाचता आलं नाही, कारण शेवटची पानं कोणीतरी फाडून नेली होती. त्यामुळे गिअरबॉक्सपर्यंत मी पंडित आहे आणि ब्रेकच्या बाबतीत निव्वळ श्रद्धाळू.

गाड्या पाहिल्या त्या सगळ्यांचं पुराण सांगत नाही. एका गाणं शिकवणाऱ्या मास्तरांची गाडी चढावर अशी काही तान घ्यायची की मास्तर स्वतःच डोळे मिटायचे, आणि गाडी चालवणाऱ्याने डोळे मिटलेले मला आवडत नाहीत. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी भेटला, त्याच्या आवारातल्या सगळ्या गाड्या अत्तर लावून ओळीने उभ्या, बोहल्यावर चढायच्या बाकी. मी आपली टेप काढून रॉड मावेल का ते आतून मोजू लागले, तर म्हणाला, ‘बाई, तुम्हाला गाडी चालवायचीय की झाकायचीय?’ मी म्हटलं, झाकणारे आमच्या घरात दुसरे आहेत. (रागावू नका, त्याला तुमचं नाव सांगितलं नाही.)

गाडी पारखायची माझी स्वतःची एक रीत आहे, ती तुमच्या सल्ल्यांत नव्हती. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसते, पाय जमिनीवर सपाट ठेवते आणि गप्प राहते. ह्यांच्या व्हॅनमध्ये मी वर्षानुवर्षं तशीच बसले. गाडी बरी आहे की कण्हते आहे ते मला तळपायांना कळतं. हे कधी थकलेत तेही तिथूनच कळायचं, गिअर जरा उशिरा पडायचा. गाडी चालवायला ह्यांनी मला शिकवलं होतं, परवानाही काढून दिला होता. पण शिकवायला जितका शांत तितका शेजारी बसायला वाईट माणूस. मी स्टिअरिंग धरलं की ह्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा आणि दोन्ही हात डॅशबोर्डला. त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून मी पुन्हा शेजारी सरकले, ती सरकलेच. सवय अशी की या महिन्यात जेवढ्या गाड्या पाहिल्या, त्या सगळ्यांत मालक चालवत होता, हवामान मागे बसून ढग बघत होते आणि मी शेजारच्या सीटवर. आता हे तुम्हाला मुद्दाम का सांगते, ते पुढे कळेल.

शेवटी सर्व्हेअर भेटले. जमिनी मोजण्यात जन्म गेलेले, निवृत्त, ताडमाड उंच गृहस्थ. मी टेप काढली तर त्यांनी न सांगता तिचं दुसरं टोक धरलं. तिथेच माझं मत बनलं. रॉड तिरका मावला. मग ते आपल्या गाडीचे दोष सांगायला बसले, मुलीचं लग्न ठरवताना कोणी सांगत नाही इतक्या खरेपणाने. हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजतो. मागची एक काच हाताने वर ढकलावी लागते. डिकी उघडताना तिला आधी थोडं दाबायचं, मग ती मानते. पण कुठे थांबली असं एकदाही झालं नाही, म्हणाले. चक्कर मारून आणली. माझ्या तळपायांनीही तेच सांगितलं. मी विचारलं, मग विकता का? तर मुलाकडे राहायला जायचं होतं. ‘तिथे गाडी ठेवायला जागा नाही,’ म्हणाले, आणि जरा थांबून, ‘मला आहे. इस्त्रीच्या टेबलाची खोली आहे, ते टेबल हलवणार आहेत.’ त्यांनी किंमत सांगितली, हवामान ठरल्याप्रमाणे खाकरले आणि मीच त्यांना कोपराने गप्प केलं. किंमत माझ्या आवाक्याच्या जरा वर होती. वरच्या पैशांचे मी त्यांच्या नव्या खोलीला पडदे शिवून द्यायचे, असं ठरलं. कापड त्यांनीच निवडलं, गडद निळं. म्हणाले, सकाळी उशिरापर्यंत झोपून बघायचंय.

गाडी त्यांनीच माझ्या दारात आणून लावली, किल्ली दिली, टपावर दोनदा थोपटलं आणि मागे न बघता चालत गेले. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, नीट साडी नेसून मी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. भावोजी, माझे पाय लोंबकळत होते. क्लच तिकडे आणि मी इकडे, ओळख होण्याची शक्यता नाही. सीट पुढे घ्यायला खालचा दांडा ओढला तर तो सबंध माझ्या हातात आला. गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘गाडी घेतली त्या दिवसापासून ही सीट कोणी हलवलेली नाही. गंजून एकजीव झालीय. कापूनच काढावी लागेल.’ सर्व्हेअरना फोन केला तर ते बिचारे इतके ओशाळले. सगळे दोष सांगितले होते. पण त्या सीटवर त्यांच्याशिवाय कधी कोणी बसलंच नव्हतं, तर ती हलत नाही हे त्यांना तरी कुठून कळणार. आणि मी गाडीचं बॉनेट पाहिलं, डिकी मोजली, काच ढकलली, फक्त त्या एका सीटवर बसून पाहिलं नाही. ती माझी जागा आहे असं मनात आलंच नाही. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी नाही आलं.

तुम्ही हसत असाल. हसा. पडद्यांचे उरलेले तुकडे भरून मी पाठीमागे लावायला एक लोड शिवला आहे आणि बुडाखाली उशी. आता क्लचपर्यंत पाय पोचतात. काल गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. पहिल्यांदा गाडी तीनदा बंद पडली, ती तिची चूक नव्हती. परतताना शेजारच्या सीटकडे मी पाहिलं नाही. तिथे रॉड ठेवला होता.

जाऊबाईंना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा, आणि गाडीला थोडं ऊन.

तुमची
वहिनी

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. लेक म्हणते, ‘काकांनी स्वतः येऊन गाडी बघितल्याशिवाय मी तिला गाडी म्हणणार नाही, आणि तू इथे येणार ते येणार.’ ती रविवारी येते आहे. लोड बघितला तर माझी पेटी तीच भरेल. भंगारबाजारात याच जातीच्या गाडीची सीट मिळते म्हणे, पण तिथवर जायचं तर सध्याच्या सीटवर लोडाशिवाय बसता येईल असा माणूस हवा. तुमची उंची तुमच्या भावाएवढी आहे.

आणखी एक. हे गेल्यापासून तुम्ही इकडे आला नाहीत. गुडघा पुढे करता, मी विचारत नाही. मलाही पहिले काही महिने या घरात पाऊल टाकताना जड जात होतं, आणि मी तर इथेच राहते. या. कोणी काही बोलायचं नाही, सीटचं काम करायचं.

शेवटचं. लेकीला मी कालच फोनवर सांगून टाकलं आहे की काका येऊन गेले, गाडी खालून वरून तपासली आणि त्यांना ती फार पसंत पडली. मला धड खोटं बोलता येत नाही हे तिला चांगलं माहीत आहे. तेव्हा रविवारच्या आत येऊन ते खरं करून जा.