काउबॉयची चाल

८ जानेवारी
कांचनवहिनी आणि अक्षतचं पुन्हा वाजलं. अक्षत म्हणतो, बाबांना केअर होममध्ये ठेवू. "बी प्रॅक्टिकल, आई." दादाला उचलून बसवताना वहिनी परवा पडलीच. तरी तिचं एकच — "मनोहरला स्वतः सांगू दे, मग बघू." स्ट्रोकनंतर दादाच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. म्हणजे तिचं उत्तर 'नाही'.

११ जानेवारी
स्पीच थेरपिस्ट म्हणाली होती, बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी उरतं. म्हणून माझ्या घरून, एडिसनहून, इथे ट्रॉयला दादाकडे आले ती रामरक्षेच्या भरवशावर. आज दादाला म्हणून दाखवली. झोपला! आयुष्यभर मी संस्कृत शिकवलं. विद्यार्थीही असेच झोपत.

संध्याकाळी टीव्हीवर जुना काळा-पांढरा काउबॉयचा सिनेमा लागला. घोड्यावर बसून गिटार वाजवतो, गातो. दरोडेखोर कडवं संपेपर्यंत थांबतात. (आमच्या नातेवाइकांत इतकी सभ्यता नाही.) आणि पलंगावरून आवाज — दादाचा! इंग्रजीत, सगळं कडवं. या देशात नवा होता तेव्हा एकटा बसून हेच बघायचा म्हणे. वहिनी कणकेच्या हातांनी दारातच उभी राहिली.

१९ जानेवारी
रोज तोच सिनेमा, अक्षतनंच शोधून दिलेला. घोड्याची चाल माझ्या रामरक्षेच्या अनुष्टुभापेक्षा नेटकी आहे. हे फक्त इथेच लिहिते.

थेरपिस्टच्या सांगण्यावरून वहिनी त्या चालीवर मराठी शब्द बसवते. 'पाणी हवं.' 'भूक लागली.' दादा मागोमाग गातो. मला हळूच म्हणाली, "सुलेखा, एकदा 'मला घरीच राहायचंय' बसलं ना, की अक्षतचं तोंड बंद."

२४ जानेवारी
बाकी सगळं म्हणतो. त्या एका ओळीला गप्प. वहिनी आधी चिडली, मग न्हाणीघरात जाऊन रडली. मी चहा केला. दुसरं काय येतं मला?

२ फेब्रुवारी
बर्फ. थेरपिस्ट आली नाही. वहिनीची तीच ओळ, दिवसभर. दादानं भिंतीकडे तोंड केलं.

५ फेब्रुवारी
आज टीव्ही लावायच्या आधीच दादा गायला. चाल काउबॉयचीच, शब्द कुणीच न शिकवलेले — "कांचन, दमलीस तू. मला तिकडे ठेव."

वहिनी म्हणाली, नीट ऐकू नाही आलं.

दादानं पुन्हा गायलं.