कोरडं चालतं

भिवापूर,
७ डिसेंबर १९७४

चि. सौ. पुष्पलतास सुभद्राचे अनेक आशीर्वाद.

इकडे सारे खुशाल. मिरचीचा तोडा सुरू झाला. अंगणात पाय ठेवाले जागा नाही, साऱ्या घराले ठसका लागला आहे. म्हणून सासूबाईजवळ येता येत नाही, याचं मले किती वाईट वाटते ते तुले काय सांगू. मांडीचं हाड मोडलेलं, पायाले वजन बांधून ठेवलेलं, आणि सून मिरच्या तोडून राहिली.

आतापर्यंत आपल्या नात्यातल्या कुसुमताई धंतोलीत दवाखान्याजवळ खोली घेऊन त्यांना दोन घास रांधून घालत होत्या. आता त्यांची लेक बाळंतपणाले आली, त्या गावी गेल्या. तुझं घर दवाखान्यापासून जवळ, म्हणून सारी भिस्त तुझ्यावर. पण रांधून काही नेऊ नको. विणकराच्या लेकीच्या हातचं ओलं, पाण्यात शिजवलेलं, त्यांना चालत नाही, हे मी नव्यानं सांगाले नको. मी मुरमुऱ्याचा चिवडा आणि लाडू पाठवते. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या पोटात माझ्याच हातचं गेलं आहे, दुसरं पचणार नाही.

रुपरावभाऊजींना आशीर्वाद सांग. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
सुभद्रा


नागपूर,
१५ डिसेंबर १९७४

ती. सुभद्राताईंस, पुष्पलताचा शि. सा. न. वि. वि.

चिवडा आणि लाडू पोचले. पण सासूबाईंच्या दातांना ते झेपेनात. कुसुमताई गेल्यावर त्यांनी नुसत्या दुधावर दिवस काढले. डॉक्टर रागावले की असं राहिलं तर हाड कसं जुळणार. मी पायथ्याशी बसून होते. आमच्या मागावरचं लुगडं त्या सणाला नेसतात, आमचा भात तेवढा चालत नाही. पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

मग एक सुचलं. कोरडा शिधा कोणाकडूनही घेतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. मी रवा मंद आचेवर तुपात भाजला, मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी दिली, मीठ आणि चिमूटभर साखर घातली, आणि गार करून डब्यात भरलं. मूगडाळ-तांदूळ भाजून भरडून खिचडीचाही एक डबा केला. नर्सबाई किटलीत उकळतं पाणी आणून देतात. सासूबाई पडल्या पडल्या आपल्या हातानं वाटीत पाणी ओततात, वर ताटली झाकतात आणि वाफ मुरेपर्यंत वाट पाहतात. पहिल्या दिवशी त्यांनी डब्याचा वास घेतला, पाण्याचा थेंब लागलेला नाही ना असं दोनदा विचारलं, आणि मग वाटीभर खाल्लं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

आता शेजारच्या खाटांवरच्या बायाही डबे मागतात. गावाहून आलेल्या माणसांना दवाखान्यात कुठं चूल मांडता येते?

मोठ्या दादांना नमस्कार. आपला लोभ असाच राहू द्यावा.

आपली,
पुष्पलता


भिवापूर,
२६ डिसेंबर १९७४

चि. सौ. पुष्पलतास आशीर्वाद.

हे सासूबाईले भेटून आले, तेव्हापासून या घरात दुसरा विषय नाही. पुष्पलता किती हुशार, पुष्पलतानं कशी युक्ती काढली. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याले डबे दाखवून राहिल्या म्हणे. माझी भाकर इतकी वर्षं खाल्ली, ती कोणाले दाखवली नाही. भाकर काय दाखवायची, रोजची असते.

रागाच्या भरात मीही रवा भाजला. म्हटलं त्यात काय मोठं. फोडणी दिली, डबा भरला. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर कुबट वास. ह्यांनी तरी वाटीभर खाल्लं, आणि वरून तांब्याभर पाणी प्यायलं. ते पाणीच मले जास्त लागलं.

तुझ्या डब्याले वास काहून येत नाही, ते लिहू नको. मी विचारून नाही राहिली.

एक मात्र सांगते. त्या पाणी आपल्याच हातानं ओततात. म्हणजे रांधतात त्याच. तू फक्त शिधा दिला. एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
सुभद्रा


नागपूर,
८ जानेवारी १९७५

ती. सुभद्राताईंस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलं नाही, तरी लिहिते. कढीपत्ता धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचा, फोडणीत कुरकुरीत होऊ द्यायचा, आणि रवा परातीत पसरून थंड झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही.

आता दुसरी बातमी. रविवारी सासूबाईंना ताप होता. किटली उचलली ती कलंडली, पाणी चादरीवर सांडलं. त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या की तूच ओत. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी उभीच. तेव्हा त्या चिडून म्हणाल्या की काहून उभी राहिलीस वं, पाणी थंडं होऊन राहिलं. मी ओतलं. त्यांनी खाल्लं. ताप उतरल्यावरही आता मीच ओतते.

तुम्हाला वाटेल मी मिरवते आहे. तर पुढचं ऐका. पहिला घास गिळून त्या काय म्हणाल्या, तर सुभद्रानं यात मिरची बरोबर घातली असती. मग दुपारभर शेजारच्या बाईला तुमच्याच गोष्टी. सुभद्राची भाकर, सुभद्राचं वरण. लग्न झाल्यापासून सहा वर्षं ज्या घासाची वाट पाहिली तो त्यांच्या तोंडात, आणि नाव तुमचं. मलाही जळता येतं, ताई.

राग येणार नसेल तर आणखी एक. तुम्ही नागपूरला येता तेव्हा आमच्या घरी केळं खाऊन परत जाता आणि उपास आहे म्हणता. सोमवारी सांगता, मंगळवारीही सांगता. मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

चुकलं असेल तर पदरात घ्यावं.

आपली,
पुष्पलता


भिवापूर,
२० जानेवारी १९७५

चि. सौ. पुष्पलतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस मिरच्या कुटत बसली. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याचंच, असं घरच्यांना वाटलं.

मले आनंद झाला असं लिहीन तर खोटं होईल. सासूबाई फक्त माझ्या हातचं खातात, एवढीच या घरात माझी पाटीलकी होती. बाकी शेत ह्यांचं, शिक्षण तुझं, नागपूर तुझं. तेवढं एक माझं होतं, तेही तू किटलीभर पाण्यात नेलं.

त्या माझं नाव काढतात, हे तू लिहिलं नसतं तर मले कळलं नसतं. माझ्यासमोर तर कधी काढलं नाही. तू काहून लिहिलं, याचा विचार करत राहिली.

पुढच्या आठवड्यात सुट्टी देणार असं डाक्टर म्हणाले. एवढ्या लांब एसटीचे धक्के लगेच सोसवणार नाहीत, म्हणून त्यांना आधी तुझ्या घरी उतरवायचं असं आम्ही ठरवलं. मी त्याच आठवड्यात बुधवारी येते. माझा उपास नाही. कोरडं काही काढू नको. भात टाक, वरण कर, ओलं, गरम, तुझ्या शेगडीवरचं. सासूबाई आणि मी एका पंगतीत बसू, तू वाढ. मीठ कमी पडलं तर मी बोलीन, ते ऐकून घे.

जळणं काही गेलं नाही. ते घेऊनच येते.

तुझी,
सुभद्रा