भिंत अजून ओली आहे

ती. आत्या,

नमस्कार. गुडघे कसे आहेत, खोकला उतरला का, शेजारणीशी अबोला तुमचा की तिचा, सगळं सविस्तर कळवा. इकडे आम्ही मजेत आहोत. (मजेत म्हणजे, मला झोप लागत नाही, आणि लागलीच तर झोपेत पलंगावर टकटक करतो, असं तुमची भाचेसून म्हणते.)

टकटक भिंतीची आहे. ज्या संस्थेच्या सभागृहाचं काम मला मिळालंय ती जगाला सांगते, की जुन्या माणसांना जे येत होतं ते हाताशी धरलं तरच पुढचा विकास टिकेल. म्हणून सिमेंट नको, हवा गार करायचं यंत्र नको. भिंतींना चुन्याचाच गिलावा, तोही जुन्या पद्धतीचा. आता चुना लावणं हा माझा लहानपणापासूनचा धंदा (हसू नका, शब्दशः सांगतोय). संचालकबाईंनी विचारलं, कुठे शिकलात? मी छाती फुगवून म्हणालो, आत्याकडे. बाई खुर्चीच्या टोकावर आल्या. तिथेच सावध व्हायला हवं होतं. समोरचा माणूस खुर्चीच्या टोकावर आला की आपलं काम वाढतं.

पण आत्या, चुना तुमचं ऐकायचा, माझं ऐकत नाही. गिलावा ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा आणि त्याच्या मागे लागायचं नाही, हे तुमचं सांगणं मला पाठ आहे. पण सभागृहातली पहिली परिषद येत्या सोमवारी, आणि ते चुन्याला कोणी कळवलेलं नाही. मिस्त्री म्हणाला, "शेठ, पाहुणा टेकला तर निम्मी भिंत कोटावर घेऊन घरी जाईल."

पुढचं बसून वाचा. मी दारं लावून मोठाले पंखे आणि हीटर आणले, आणि मागे डिझेलचा जनरेटर. वीज न जाळता गारवा कसा राखावा हे ज्या इमारतीने जगाला दाखवायचं, तीच आतून भाजत होती. बाईंनी विचारलं, ही घरघर कसली? म्हटलं, शेजारच्या बांधकामाची. (शेजारी तळं आहे.)

भिंत वाळली, आणि तडकलीसुद्धा. बाईंनी तडे पाहिले, "ही भिंत श्वास घेते" म्हणाल्या आणि फोटो काढला. मी मात्र टिचकी मारून पाहिली. कान माझा तुम्हीच तयार केलाय (पिळून पिळून). खाली ठण वाजतंय, पण मंचामागे, बरोबर वक्त्यांच्या डोक्यावर, ढब. गिलाव्याने भिंत सोडलीय. शिवाय आत अजून ओल आहे. कोणाच्या डोक्यात पडला तर? आणि काल जिन्याखाली संस्थेचे इंजिनिअर कुजबुजत होते, "जुनं ज्ञान भाषणापुरतं ठीक. पडू दे एकदा, मग सिमेंटच मारू." चूक माझ्या पंख्यांची, आणि नाव जाणार तुमच्या चुन्याचं.

तेव्हा एकदा या, हात लावून बघा. गाडी पाठवतो.

तुमचा भाचा

ता. क. इथे आल्यावर नाव सांगू नका. आत्या हयात आहेत का, असं बाईंनी विचारलं होतं. हयात असतील तर ज्ञान त्यांचं, म्हणून त्यांची लेखी संमती, मुलाखत, मग समितीची बैठक. म्हणजे परिषद सहा महिने पुढे. मी नुसतं खाली पाहिलं. डोळे बाईंनीच पुसले. त्यामुळे निमंत्रणपत्रिकेवर तुम्ही दिवंगत आहात, आणि तुमची भलीमोठी तसबीर त्याच ढब वाजणाऱ्या भिंतीवर लागणार आहे. रविवारी खिळा ठोकतील. तुम्ही स्वतःचीच धाकटी बहीण म्हणून या. दोन शब्द बोलायला सांगितले तर स्वतःचं फार कौतुक करू नका, संशय येईल.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना डोक्यात आलं. तुम्ही हयात निघालात तर परिषद सहा महिने थांबणार, आणि गिलावा खरवडून नव्याने करायला, सावकाश मुरायला, चुन्याला नेमके तेवढेच हवेत. बहिणीचं रद्द. जिवंतच या. बाईंना मी आधी काही सांगत नाही. तुम्हाला दारात पाहिल्यावर काय ते त्यांना कळेलच.