इरफानचं ‘उद्या?’

५ ऑगस्ट
पाटील गेल्या आठवड्यात गेला. जॉब कोचचं, म्हणजे विशेष मुलांना कामाच्या जागी जाऊन शिकवायचं, सगळं ट्रेनिंग इथं सांगलीत, आमच्या सेंटरवर घेतलं. सर्टिफिकेट हातात पडलं की थेट पुणे. सेंटरचे सर म्हणाले, आपण काय पुण्याच्या संस्थांसाठी माणसं तयार करतोय? आता शिकलेली एकटी सायली मॅडम. आणि मी, दुसऱ्या वर्षाला बी.एस्सी. सोडलेला मदतनीस. सरांनी नाइलाजानं मला तिच्या हाताखाली दिलं. खोलीवर येऊन एकटाच हसलो. गाढव.

६ ऑगस्ट
कुपवाड. सायली मॅडम, म्हणजे सा., माझ्या गाडीवर. मधे बॅग ठेवून.
वर्कशॉपमध्ये इरफान वॉशरच्या पिशव्या भरतो. विशीचा असेल. त्याला समजायला वेळ लागतो, समजलं की चूक नाही. सुटताना त्यानं मला विचारलं, "उद्या?" मी सवयीनं हो हो केलं. बाहेर आल्यावर सा.नं झापलं. पाटीलही शेवटच्या दिवशी असंच हो म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी इरफान गेटवर त्याची वाट बघत बसला, आत जाईना. काम बुडत राहिलं. पुन्हा तसं झालं तर मालक त्याला ठेवणार नाही.
"येणार असशील तरच हो म्हण."

१२ ऑगस्ट
आज शिकलो ते. आधी इरफानच्या शेजारी उभं राहायचं. मग पाठीमागं. मग टेबलापलीकडं, दाराशी, गेटवर. मग नाहीच. सा. म्हणते, हळूहळू नाहीसं होणं हेच आपलं काम. मला नाही जमणार म्हटलं. ती इरफानबद्दल बोलत होती. मी...

१९ ऑगस्ट
पाटलाच्या जागेसाठी मुलाखती. एक साताऱ्याचा, चांगला शिकलेला. कायम करणार का, विचारलं. सर म्हणाले, अकरा महिन्यांचा करार, पुढचं पुढं. चहा अर्धा ठेवून उठला. दुसरी मुलगी सरांना पसंत पडली. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन, कारखान्यात जाऊन उभं राहायचं काम नको.

२२ ऑगस्ट
विट्याहून आईचा फोन. दादाला तिकडं तमिळनाडूत, सेलमच्या सोनं गाळायच्या गलाईच्या दुकानात घरचाच माणूस हवाय. "तितं ऱ्हाऊन तुजं लगीन व्हनार हाय का?" ठेवून दिला.

२४ ऑगस्ट
सा.ला पुण्यात नोकरी. कायमची. तिथून आईवडिलांकडं जाणं-येणंही सोपं. मी गाडी चालवत असताना सांगितलं, म्हणजे मला वळून बघता येऊ नये. जे बोलायचं ठरवलं होतं ते राहिलंच. एवढंच विचारलं, इरफानला सांगितलंत? म्हणाली, कधीपासून सांगतेय, रोज, बोटांवर दिवस मोजून.
मला आज.

२७ ऑगस्ट
डोकं फिरलं. लेथवरचा बाळू इरफानला म्हणाला, "ए येड्या, बायकू बगू का तुला?" इरफान हसला. मी बाळूची कॉलर धरली. सुपरवायझर जाधव मधे पडले.
"गड्या, ज्याला म्हनला त्यो हसतोय, आन् तुजं रगात तापलंय व्हय? इरफान ऱ्हाईल. तू उद्यापास्नं गेटाच्या आत यायचं न्हाई."
सेंटरवर परत आलो. सा.नं विचारलं, राग इरफानसाठी आला, की माझ्यावरचा बाळूवर काढलास? उत्तर तिलाही माहीत होतं.

३० ऑगस्ट
सा.चा शेवटचा दिवस. मी गेटबाहेर. सुटताना इरफाननं तिला विचारलं, "उद्या?"
"नाही. उद्या नाही."
तो तिच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं.
स्टँडवर तिची बॅग चढवली. म्हणाली, डिग्री पुरी कर, ट्रेनिंग घे, सर तुला घेतील. मी म्हटलं, तुम्ही नसताना मी इथं... एसटी सुटली. बरं झालं.

२ सप्टेंबर
सरांनी पुन्हा जाहिरात दिलीय. तोवर मीच. गेटाबाहेर.
इरफानला त्याच्या अम्मी सोडायला आल्या. म्हणाल्या, "भाऊ, पोरानं कितीजनांची सवय करायची वो?" इरफान पायरीवर बसला. आत जाईना. मीही शेजारी बसलो. भोंगा झाला. अजून थोडा वेळ बसला, मग उठून आत गेला. एकटा. हे सा.नं बघायला हवं होतं.
दिवसभर समोरच्या टपरीवर. दुपारी मोबाइलवर दादाकडून माझं सेलमचं तिकीट आलं. मिरजेहून, परवाचं. न विचारता काढलंय. मी नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.
संध्याकाळी इरफान बाहेर आला. हाताला तेलाचा वास.
"उद्या?"
"व्हय. उद्या."
परवाचं त्यानं विचारलं नाही.