मधल्या ताटल्या

सुपा, सोमवार संध्याकाळ

प्रिय पंकजा,

कामाबद्दल एक अक्षरही सांगायचं नाही, अशी तू ताकीद दिली होतीस आणि ती मी आजवर पाळली. तुझ्या अप्पांची तब्येत, गोदावरीचं पाणी, माझ्या मम्मीचे गुडघे, एवढ्यावरच आपलं फोनवरचं बोलणं चालायचं. चुकून माझ्या तोंडून 'टेस्टिंग' शब्द निसटला, की तुला लगेच अप्पांना कुशीवर वळवायचं आठवायचं आणि फोन बंद. म्हणून हे पत्र. रागावलीस तरी तू ते शेवटपर्यंत वाचशील, एवढी मी तुला ओळखते.

तर ऐक. आपल्या ताटल्या पास झाल्या. गेल्या आठवड्यात, बेंगळुरूच्या चाचणीकेंद्रात. तू आणि मी मिळून आखलेले ते चपटे उपग्रह आता खरोखर वर जाणार आहेत.

ही बातमी कुणाला आधी सांगावी, असा प्रश्नच पडला नाही, कारण सुरुवात तुझीच होती. आपल्या शेडमध्ये तेव्हा खोक्यांसारखे उपग्रह बनायचे. रॉकेटच्या टोकात ती खोकी बसवली की निम्मी जागा मोकळीच राहायची. खोकी कशाला, ताटल्या करू आणि एकीवर एक रचू, असं तू म्हणालीस. आपले साहेब, श्रीमंत सर, इतके खूश झाले, की त्याच दिवशी त्यांनी आपल्या दोघींना वेगळं टेबल दिलं. आणि मग आठवडाभरातच तू स्वतःच्या कल्पनेत स्वतःच खोट काढलीस. कॅन्टीनमध्ये केशरबाईंनी भाकरींची चवड नुकतीच उतरवून ठेवली होती. तू मधली भाकरी ओढून थेट सरांच्या तळहातावर ठेवलीस. ते ओरडले! "सर, वरची निवली, खालची निवली, पण हिला बघा कसा घाम फुटलाय," तू म्हणालीस. "आपल्या मधल्या ताटल्यांचं असंच होणार." सर हात झटकत म्हणाले, "अगं, पण हे तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं." किती हसलो होतो आपण. पण तुझं म्हणणं खरं होतं. वर हवा नाही, वारा नाही. सुटी ताटली आपल्या पाठीपोटातून उष्णता सहज बाहेर टाकते. चवडीतल्या मधलीचं पाठपोट मात्र झाकलेलं, आणि सुटण्याची वेळ येईपर्यंत तिच्यातली यंत्रणा तर चालूच ठेवावी लागते.

पहिल्या चाचणीची तारीख ठरली आणि अप्पांना झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. तू उघडलेला डबा तसाच ठेवून पुणतांब्याला निघालीस. तुझी खुर्ची आम्ही कुणी हलवली नाही. काही दिवसांनी नवा आलेला करण तिच्यावर हेल्मेटं ठेवायला लागला, तेव्हा मी त्याच्याशी भांडले. बिचाऱ्याला काही कळलंच नाही.

ती चाचणी फसली. हवा काढून घेतलेल्या त्या मोठ्या टाकीत मधल्या दोन ताटल्या तापत गेल्या आणि बंद पडल्या. सर बैठकीत म्हणाले, "शॅरन, पुरे झालं. परत खोक्यांकडे वळू." पंकजा, बैठकीत माझ्या वाटचंही तूच बोलायचीस. त्या दिवशी शेजारी तू नव्हतीस. तरी मी म्हणाले, "सर, कल्पना चुकलेली नाही, सांधा चुकलाय. एकदा करून बघू द्या." सर फक्त म्हणाले, "एकदाच."

विचार असा होता, की मधल्या ताटल्यांची उष्णता शेजारणींमार्फत वर आणि खाली पोचवायची. ताटली जिथं ताटलीवर टेकते, त्या चारही कोपऱ्यांत मी ग्राफाइटचा पातळ पत्रा घातला आणि घट्ट आवळलं. उष्णता सुरेख वाहिली. पण सोडायची वेळ आली, तेव्हा दोन ताटल्या एकमेकींना अशा चिकटल्या, की सुटेचनात. वर असं झालं असतं तर सगळंच बुडालं असतं. सैल ठेवलं तर तापतात, आवळलं तर चिकटतात! मी नगरला घरी गेले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पप्पांनी चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना ठेवली, तीही माझ्या प्रोजेक्टचं नाव चुकीचं घेऊन.

मग एकदम वाटलं, वजन पेलायचं काम आणि उष्णता वाहायचं काम एकाच कोपऱ्याने का करावं? वजन कोपऱ्यांनी घ्यावं, तिथला पृष्ठभाग कठीण आणि गुळगुळीत ठेवावा. उष्णतेसाठी कडेने तांब्याच्या लवचीक पट्ट्या लावाव्यात. त्या शेजारच्या ताटलीला हलकेच पण लांबवर टेकून राहतील, आणि चवड सोडली की त्यांच्यातच असलेला ताण ताटलीला अलगद दूर ढकलेल. करणने पट्ट्यांचा आकार कितीतरी वेळा बदलला. काही मोडल्या, काही वाकल्या. पण यावेळी टाकीच्या काचेतून मी बघत होते, तेव्हा मधल्या ताटल्या शेवटपर्यंत शांत राहिल्या आणि नंतर एकेक करून मोकळ्या झाल्या. कुठे अडकणं नाही, ओरखडा नाही. मी टाळ्या वाजवायच्याही विसरले. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "पंकजाला कळवलं का?"

खरं सांगू? कळवायला मी घाबरत होते. तुझ्याशिवाय पार पडलं, हे ऐकून तुला काय वाटेल? पण परवा कोपरगावच्या स्टँडवर तुझे आसारामदादा भेटले. म्हणाले, "अप्पा आता लई सुधारलेत. परवा सोताच म्हनले, च्या दे. पर पंकीचंच काय खरं न्हाई. कुनाशी बोलत न्हाई. सांजचं घाटावर जाऊन बसती आन् पान्याकडं बघती." मी भीतभीतच विचारलं, की तिनं घरूनच थोडं काम सुरू केलं तर? दादा म्हणाले, "तिनंच कदी सांगितलं न्हाई, न्हाईतर आमी अडवलं अस्तं व्हय? दुपारपस्तोर अप्पांचं मी आन् तुमची वहिनी बगू की."

तेव्हा आता मुद्द्याचं. पुढची चवड दुप्पट उंच करायची आहे. तेवढ्या सगळ्या पट्ट्यांचा जोर एकत्र झाला, तर वरची ताटली गिरक्या घेत भिरकावली जाईल. जोर कमी केला, तर मधल्या पुन्हा तापतील. हे गणित मला सुटत नाही, करणला सुटत नाही, आणि सरांनी बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांनी उंची कमी करा एवढंच सांगितलं. तुझी दया येते म्हणून बोलावत नाही गं, आमचं अडलंय. पुणतांब्यात बसून, तुला झेपेल तेवढा वेळ काम करायला सरांची संमती मी मागून घेतली आहे. हिशेब जमला की चाचणीपुरतं यायचं. रविवारी उपासना झाली की मी नगरहून गाडीने तुझ्याकडे निघते. लॅपटॉप, पट्ट्यांचे नमुने आणि आमची फसलेली आकडेमोड घेऊन. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण आधी ती आकडेमोड एकदा वाच. आम्ही कुठे चुकलो, ते मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

तुझ्याशी भांडायला आतुर झालेली, तुझीच
शॅरन